घडीची सायकल : वाहन की सामान?

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या तोंडावर, वांद्रे टर्मिनस येथे गावी निघालेल्या प्रवाशांची चेंगराचेंगरी झाली आणि तीत अनेकजण जखमी झाले. त्यानंतर पश्चिम रेल्वेने लगोलग एक पत्रक काढून प्रवाशांना सामानाच्या मर्यादांची आठवण करून दिली. स्कूटर, सायकल यांसारख्या वस्तू, तसेच १०० सेंटिमीटर लांब, १०० सेंटिमीटर रुंद आणि ७० सेंटिमीटर उंच यापेक्षा मोठे नग मोफत नेता येणार नाहीत, असे त्यात म्हटले होते. पत्रकाचा हेतू रास्त होता. सणासुदीच्या गर्दीत फलाटावर गाठोड्यांचे डोंगर उभे राहिले की काय होते, हे नुकतेच दिसून आले होते. परंतु त्या साध्या वाक्यात एक प्रश्न दडलेला होता आणि तो विचारण्याचे कोणाला सुचले नाही. सायकल जर दुमडून पिशवीत घातली, तर ती सायकल राहते की सामान होते?

प्रश्न वरवर पाहता शब्दच्छलाचा वाटेल. त्यामागचे गणित मात्र शब्दच्छलाचे नाही. बाजारात जिला ‘फोल्डिंगची सायकल’ म्हणतात, ती चांगल्या बनावटीची असेल तर दुमडल्यावर सुमारे ६० सेंटिमीटर लांब, तितकीच उंच आणि २७ सेंटिमीटर जाड अशा आकारात मावते. पत्रकात सांगितलेल्या कमाल आकाराच्या नगाचे घनफळ काढले, तर त्यात अशा सात सायकली बसतील. म्हणजे वजनाच्या मर्यादेत राहून सातपट आकाराचे बोचके घेऊन चढणाऱ्याला मोफत वाट मोकळी आणि त्याच्या एक सप्तमांश जागा घेणाऱ्याला मात्र अडकाठी. कारण त्याच्या पिशवीतील वस्तूचे नाव सायकल आहे! नियमाने येथे वस्तूचा आकार पाहिलेला नाही, तिचे नाव पाहिले आहे.

बदलापूरहून ठाण्याच्या शाळेत जाणारी शिक्षिका, विरारहून अंधेरीच्या कचेरीत जाणारा लिपिक, चिंचवडहून पुण्यातील महाविद्यालयात जाणारा विद्यार्थी या सर्वांच्या प्रवासाचे तीन तुकडे असतात. घर ते स्थानक, स्थानक ते स्थानक आणि स्थानक ते कामाची जागा. यांतला मधला तुकडा सर्वांत लांबचा असूनही सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत वेगवान असतो. पहिला आणि तिसरा तुकडा अंतराने किरकोळ. पण वेळ, पैसा आणि मनःस्वास्थ्य यांचा मोठा वाटा तेच गिळून टाकतात. रिक्षाची रांग, न येणारी बस, पावसात तुंबलेला रस्ता आणि शेवटी नाइलाजाची पायपीट. सार्वजनिक वाहतुकीवरील चर्चा मात्र बहुधा मधल्या तुकड्याभोवतीच फिरत राहते. नवी मार्गिका, नवे डबे, नवी मेट्रो यांचे आराखडे होतात. दोन टोके प्रवाशाच्या नशिबावर सोडली जातात.

डबेवाल्यांचे उदाहरण

या दोन टोकांचे कोडे मुंबईत एका वर्गाने शतकापूर्वीच सोडवले आहे. १८९० पासून चालत आलेली मुंबईच्या डबेवाल्यांची व्यवस्था मुळात सायकल आणि लोकल यांच्या सांध्यावर उभी आहे. उपनगरात एकजण घरोघरचे डबे सायकलवर गोळा करून स्थानकावर आणतो. तेथून ते मालडब्यातून शहरात जातात. दुसऱ्या टोकाला दुसरा माणूस ते सायकलवर किंवा हातगाडीवर कचेऱ्यांपर्यंत पोचवतो. या व्यवस्थेचे रहस्य असे की, तीत डबा प्रवास करतो, सायकल करत नाही. दोन्ही टोकांना वेगळी माणसे आणि वेगळी वाहने असतात.

एकट्या प्रवाशाला ही सोय नाही. तो फार तर घराजवळच्या स्थानकावर सायकल लावून ठेवू शकतो. उतरल्यावर पुढे काय, हा प्रश्न उरतोच. नेदरलँड्ससारख्या देशाने यावर दोन्ही बाजूंनी उपाय केले. युट्रेख्ट स्थानकाखाली १२,५०० सायकली मावतील असे वाहनतळ २०१९ मध्ये पूर्ण झाले आणि उतरल्यावर भाड्याने सायकल देण्याची योजना तेथील रेल्वेच स्थानकोस्थानकी चालवते. यासाठी पैसा, जागा आणि सातत्य ही तिन्ही लागतात. पुण्यात २०१७ च्या अखेरीस मोठ्या उत्साहाने भाड्याच्या सायकलींची योजना आली, रंगीबेरंगी सायकलींनी पदपथ भरले आणि दोनएक वर्षांत त्या दिसेनाशाही झाल्या. मोडतोड, चोरी आणि न जुळलेले व्यवहाराचे गणित यांनी ती योजना संपवली. जी वस्तू सर्वांची, ती कोणाचीच नाही, हा जुना अनुभव पुन्हा आला. स्वतःची, स्वतः जपलेली आणि दोन्ही टोकांना बरोबर येणारी सायकल हा या पार्श्वभूमीवर सर्वांत कमी सरकारी खर्चाचा पर्याय ठरतो.

टंचाईची अपत्ये

घडीची सायकल ही काही कालपरवाची चैनीची वस्तू नव्हे. तिचा जन्म लष्करात झाला. फ्रेंच सैन्यातील जेरार नावाच्या अधिकाऱ्याने १८९० च्या दशकात पाठीवर घेऊन चालता येईल अशी दुमडती सायकल पुढे आणली. पहिल्या महायुद्धात इटलीच्या बेर्साल्येरी पथकांचे शिपाई अशाच सायकली पाठीशी बांधून डोंगर चढले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने हवाई छत्रीधारी सैनिकांसाठी दुमडत्या सायकली बनवल्या आणि ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या सैनिकांपैकी काहींच्या खांद्यावर त्या होत्या.

शांततेच्या काळात तिला चालना मिळाली ती इंधनाच्या टंचाईने. १९५६ मध्ये सुएझ कालव्याचा पेच निर्माण झाला, ब्रिटनमध्ये पेट्रोलवर नियंत्रणे आली आणि अलेक्स मोल्टन या अभियंत्याचे लक्ष सायकलीकडे वळले. १९६२ मध्ये त्याने बाजारात आणलेली लहान चाकांची, रबरी धक्काशोषक असलेली सायकल घडीची नव्हती. पण चाक लहान केले म्हणून सायकल खेळण्यातली होत नाही, हे तिने सिद्ध केले. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत पेट्रोलपंपासमोर रांगा लागल्या. अशाच एका रांगेत ताटकळताना डेव्हिड हॉन या भौतिकशास्त्रज्ञाच्या मनात दुमडत्या सायकलीची कल्पना आली. १९८२ मध्ये त्याने आणि त्याच्या भावाने ‘डाहोन’ ही कंपनी स्थापन केली आणि पुढे घडीच्या सायकली मोठ्या संख्येने जगभर विकल्या.

या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रकरण लंडनमधले आहे. केंब्रिजमध्ये अभियांत्रिकी शिकून बागा आखून देण्याच्या व्यवसायात असलेल्या अँड्र्यू रिची या तरुणाने हॅरी बिकर्टन यांची ॲल्युमिनियमची दुमडती सायकल पाहिली. हे काम याहून नीट करता येईल असे त्याला वाटले आणि १९७५-७६ च्या सुमारास त्याने आपल्या राहत्या खोलीत पहिला नमुना घडवला. खिडकीतून ब्रॉम्प्टन ऑरेटरी हे चर्च दिसे. सायकलीला तेच नाव मिळाले. रॅलेसारख्या बलाढ्य कंपनीने ती नाकारली. मित्रपरिवाराकडून आगाऊ पैसे घेऊन १९८१ मध्ये त्याने थोड्या सायकली बनवल्या. मग भांडवलाअभावी काम थांबले आणि १९८८ मध्ये ते पुन्हा नीट उभे राहिले. २०२२ मध्ये याच कारखान्यातून दहा लाखावी सायकल बाहेर पडली. मोठ्या उद्योगाने नाकारलेली वस्तू तग धरून राहिली, याचे श्रेय रिचीच्या चिकाटीला आहेच. पण तितकेच ते लंडनच्या दैनंदिन प्रवाशालाही आहे. त्याला नेमकी अशीच वस्तू हवी होती.

घडीचे मर्म

या वस्तूची खरी कसोटी ती किती वेगाने धावते ही नसून ती कशी मिटते, ही आहे. नुसती मध्ये बिजागरी घालून सायकल दोन भागांत दुमडली, तर हातात लोखंडाचा एक अवघड ढीग येतो. त्याची टोके शेजारच्याच्या गुडघ्याला लागतात आणि साखळीचे काळे वंगण कपड्यांना फासले जाते. रिचीच्या रचनेत मागचे चाक सांगाड्याखाली वळते आणि सायकल आपल्या आपण उभी राहते. पुढचे चाक बाजूला येऊन साखळी दोन चाकांच्या मध्ये झाकली जाते. शेवटी बैठकीचा दांडा खाली सरकवला की सर्व भाग एकमेकांत अडकून घट्ट बसतात. सराव असलेल्याला हे सारे करायला अर्धा मिनिटही लागत नाही. वजन अकरा-बारा किलोच्या आसपास, म्हणजे भरलेल्या प्रवासी पेटीपेक्षा जास्त नाही.

लहान चाक म्हणजे दुप्पट पायडल मारणे, हा गैरसमज आहे. चाकाचा व्यास कमी असला की दात्यांच्या चकत्यांचे प्रमाण त्या हिशोबाने बदललेले असते. पायडलाच्या एका फेरीत अंतर साधारण तेवढेच कापले जाते. लहान चाकाचे खरे दोष वेगळे आहेत. मोठे चाक ज्या खड्ड्यावरून सहज निघून जाते, त्यात लहान चाक अडकते; त्याचा धक्का हातांना जास्त जाणवतो; त्याच अंतरासाठी ते जास्त फेरे घेत असल्याने त्याचा टायर लवकर झिजतो. शिवाय बिजागरीचा खटका नीट लागला आहे की नाही, हे प्रत्येक वेळी पाहावे लागते. हे दोष लपवून या सायकलीची भलामण करण्यात अर्थ नाही. पावसाळ्यानंतरचे आपल्या शहरांतील रस्ते पाहता सोळा इंची चाकापेक्षा वीस इंची चाक बरे, मग घडी थोडी मोठी झाली तरी चालेल, असाच सल्ला कोणीही जाणकार देईल.

इतरत्र काय नियम आहेत

ज्या देशांनी या वस्तूचा विचार केला, त्यांनी उत्तर एकाच दिशेने शोधले आहे. लंडनच्या भुयारी रेल्वेत पूर्ण आकाराची सायकल खोल बोगद्यांच्या मार्गावर नेता येत नाही आणि इतर मार्गांवर सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी ती वर्ज्य असते. मात्र दुमडलेली सायकल कोणत्याही वेळी नेता येते. नेदरलँड्समध्ये सकाळी साडेसहा ते नऊ आणि दुपारी चार ते साडेसहा या वेळांत पूर्ण सायकलीला गाडीत प्रवेश नाही आणि इतर वेळी तिच्यासाठी वेगळे तिकीट लागते; दुमडलेली सायकल हातातले सामान म्हणून मोफत जाते. जर्मनीतही दुमडलेली सायकल हातसामानातच गणली जाते.

जपानचा नियम याहून काटेकोर आणि म्हणून अधिक अनुकरणीय आहे. तेथे सायकल पूर्णपणे पिशवीत झाकलेली असली पाहिजे. तिचे चाक किंवा मूठही बाहेर डोकावता कामा नये. लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज २५० सेंटिमीटरच्या आत आणि वजन ३० किलोच्या आत असले की ती सामान म्हणून मोफत जाते. मग ती घडीची असो वा चाके काढलेली साधी असो. सायकल पिशवीत घालून रेल्वेने नेण्याच्या या प्रथेला तेथे ‘रिंको’ असे स्वतंत्र नावच आहे. गर्दीच्या बाबतीत तोक्यो मुंबईला हार जाणारे शहर नाही, हे लक्षात घेतले म्हणजे या नियमाचे मोल कळते. तेथील रेल्वेने वस्तूचे नाव विचारले नाही. ती किती जागा घेते आणि शेजाऱ्याला घाण किंवा इजा करते का, एवढेच विचारले.

दोन सेंटिमीटरांचा प्रश्न

भारतीय रेल्वेचे नियम मात्र ज्या काळात सायकल म्हणजे ब्रेकव्हॅनमध्ये पार्सल म्हणून टाकण्याची वस्तू, एवढाच अर्थ होता, त्या काळात घडले. प्रत्येक वर्गाच्या प्रवाशाला ठराविक वजनाचे सामान मोफत नेता येते. शयनयानात ४० किलो, द्वितीय वर्गात ३५ किलो. परंतु स्कूटर, सायकल अशा वस्तूंना ही मोफत सवलत लागू नाही, असे नियमच सांगतो. दुसरीकडे, ट्रंक, सूटकेस आणि पेट्या यांच्यासाठी १०० सेंटिमीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद आणि २५ सेंटिमीटर उंच ही मर्यादा आहे; वातानुकूलित त्रिस्तरीय आणि खुर्चीयान डब्यांत तर ती ५५, ४५ आणि साडेबावीस सेंटिमीटर इतकी आवळलेली आहे. म्हणजे घडीची सायकल पेटी समजून जरी मोजली, तरी ती साध्या डब्यात अवघ्या दोन सेंटिमीटरांनी जाड ठरते.

अर्थात, व्यवहारात फूटपट्टी घेऊन कोणी उभे राहत नाही. याहून कितीतरी मोठ्या पेट्या बाकांखाली रोज जातात. पण नियम शिथिल आहे म्हणून प्रवासी निश्चिंत आहे, असे होत नाही. उलट त्याचे भवितव्य समोरच्या कर्मचाऱ्याच्या मनःस्थितीवर सोपवले जाते. एक तपासनीस कौतुकाने पाहून पुढे जाईल, दुसरा दंडाची पावती फाडील आणि दोघेही आपापल्या परीने नियमाला धरूनच वागलेले असतील. जी व्यक्ती रोज ठराविक वेळेला शाळेच्या किंवा कचेरीच्या हजेरीपटावर सही करते, तिला असा जुगार परवडत नाही. कधीतरी रविवारी सहलीला जाणारा हौशी माणूस तो धोका पत्करील. नोकरदार पत्करणार नाही. घडीची सायकल आपल्याकडे हौशी मंडळींच्या हातातच का दिसते, याचे एक उत्तर येथे आहे. ती हौशींची आहे म्हणून नियम नाही, असे म्हटले जाते. वस्तुतः नियम नाही म्हणून ती हौशींची राहिली आहे.

शहरांतील मेट्रो व्यवस्थांनी या बाबतीत रेल्वेच्या पुढे पाऊल टाकले आहे, हे नमूद केले पाहिजे. कोची मेट्रोने २०२० मध्ये सायकलींना गाडीत प्रवेश दिला. मुंबईत २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘२ अ’ आणि ‘७’ या मेट्रो मार्गांवर, तसेच त्याच वर्षी सुरू झालेल्या पुणे मेट्रोमध्ये प्रवाशांना सायकल बरोबर नेण्याची मुभा मिळाली. एकाच महानगरात मेट्रोच्या फलाटावर जी वस्तू स्वागतार्ह ठरते, तीच जिना उतरून लोकलच्या फलाटावर आल्यावर आक्षेपार्ह ठरावी, यात नागरिकाने कोणता बोध घ्यावा?

आक्षेपांचा विचार

पहिला आणि सर्वांत सबळ आक्षेप गर्दीचा आहे. सकाळी डोंबिवलीहून सुटणाऱ्या जलद गाडीत पाय ठेवायला जागा नसते. तेथे सायकल कोठे ठेवणार? हा आक्षेप खरा आहे आणि तो टोलवून लावता येणार नाही. उपनगरी रेल्वेने रोज पाऊण कोटीच्या आसपास माणसे प्रवास करतात आणि गर्दीत पडून माणसे मरतात, त्या गाड्यांत दुसऱ्याच्या श्वासाची जागा घेण्याचा हक्क कोणालाही नाही. पण ही गर्दी सर्वकाळ आणि सर्व दिशांना सारखी नसते. सकाळी दादरहून कल्याणच्या महाविद्यालयात जाणारा प्राध्यापक तुलनेने मोकळ्या गाडीतून जातो. दुपारपाळीच्या शाळेतील शिक्षिका, रात्रपाळीचा कर्मचारी, रविवारी परीक्षेला जाणारा विद्यार्थी यांचेही तेच. शिवाय मालडबा आहेच. गर्दीच्या वेळी आणि गर्दीच्या दिशेने प्रवाशांच्या डब्यात मनाई, इतर वेळी परवानगी, असा नियम करण्यात अवघड काही नाही. सरसकट बंदीला गर्दीचे कारण देणे म्हणजे दिवसातील पाच तासांसाठी उरलेले तास वाया घालवणे होय.

दुसरा आक्षेप किमतीचा. इंग्लंडमधील नामांकित सायकलीची किंमत हजार पौंडांच्या वर जाते. ती इकडच्या शिक्षकाच्या आवाक्यातली नाही, हे उघड आहे. मात्र त्याहून साध्या बनावटीच्या घडीच्या सायकली आपल्या बाजारात पंधरा-वीस हजारांच्या घरात मिळतात. समजा, एखाद्याला दोन्ही टोकांच्या मिळून रोज चार रिक्षाफेऱ्या कराव्या लागतात आणि प्रत्येकीला वीस रुपये पडतात. पंचवीस दिवसांचे दोन हजार झाले. वीस हजारांची सायकल दहा महिन्यांत आपली किंमत वसूल करते. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, ही यात भर. येथे एक धोक्याची सूचनाही दिली पाहिजे. स्वस्ताईच्या नादात कमकुवत बिजागरीची सायकल घेणे हे जिवाशी खेळणे आहे. या सांध्यांच्या मजबुतीची कसून तपासणी व्हावी, असा आग्रह ग्राहकांनी धरायला हवा.

तिसरा आक्षेप रस्त्यांचा. खड्डे, दुचाकींची घुसखोरी, पदपथाचा अभाव या परिस्थितीत सायकल चालवायची कोणी? याला घडीच्या सायकलीपाशी उत्तर नाही आणि असल्याचा आव तिने आणू नये. एवढेच म्हणता येईल की, स्थानकाभोवतीच्या दोन-तीन किलोमीटरांचे रस्ते नीट करणे हे सबंध शहर नीट करण्यापेक्षा सोपे आहे आणि लाभ मात्र मोठा आहे. माणूस पंधरा मिनिटांत सव्वा किलोमीटर चालतो आणि तेवढ्याच वेळात आरामात तीन किलोमीटर सायकल चालवतो. अंतर अडीचपट झाले की वर्तुळाचे क्षेत्रफळ सहापटीच्या जवळ जाते. म्हणजे प्रवाशाच्या हाती सायकल आली की, त्याच स्थानकाच्या पंधरा मिनिटांच्या टापूत जवळजवळ सहापट वस्ती येते, तीही नवे स्थानक न बांधता.

चौथा आक्षेप नव्या काळातला आहे. विजेवर चालणाऱ्या सायकलींच्या लिथियम बॅटऱ्यांना आग लागण्याचे प्रकार घडल्यानंतर लंडनच्या परिवहन प्रशासनाने ३१ मार्च २०२५ पासून न दुमडणाऱ्या विद्युत सायकलींना आपल्या जवळजवळ सर्व गाड्यांत बंदी केली. विमानातही १६० वॉटतासांपेक्षा मोठी बॅटरी प्रवाशाला नेता येत नाही आणि बहुतेक विद्युत सायकलींच्या बॅटऱ्या त्याहून मोठ्या असतात. बंदिस्त डब्यात आग लागण्याचा धोका हा गंभीर विषय आहे. त्यावर उपायही साधा आहे. सवलत पायांनी चालणाऱ्या सायकलीपुरती ठेवावी आणि विजेच्या सायकलीचा विचार बॅटऱ्यांचे प्रमाणीकरण झाल्यावर करावा. एका वस्तूचा दोष दुसरीच्या माथी मारू नये.

एका वाक्याचा नियम

या साऱ्यातून निघणारी मागणी अतिशय माफक आहे. तिला नवी मार्गिका नको, अनुदान नको, समितीही नको. ‘पूर्णपणे दुमडलेली, पिशवीने झाकलेली, बॅटरी नसलेली आणि ठरवून दिलेल्या मापांत व वजनांत बसणारी सायकल ही प्रवाशाचे वैयक्तिक सामान समजली जाईल, उपनगरी गाड्यांत गर्दीच्या वेळी ती मालडब्यातूनच न्यावी’, एवढे एक वाक्य रेल्वेच्या सामानविषयक नियमांत घातले की काम भागते. माप ठरवताना २५ सेंटिमीटरऐवजी ३० सेंटिमीटरची मर्यादा ठेवावी लागेल; त्याने कोणाचे नुकसान होत नाही. त्या वाक्याचा तपासनीसालाही लाभ होईल, कारण त्याला मग विवेकाची परीक्षा द्यावी लागणार नाही. फलाटावर वाद होतात ते प्रवासी उद्धट किंवा कर्मचारी मुजोर असतो म्हणूनच नव्हे. अनेकदा दोघांनाही नियम ठाऊक नसतो, म्हणून होतात.

जोडीला कचेऱ्या, शाळा आणि महाविद्यालये यांनी एक छोटीशी गोष्ट करायला हवी. दारावरच्या पहारेकऱ्याला सांगून ठेवावे की, ही पिशवी आत येऊ द्यावी. घडीच्या सायकलीचा सारा उपयोग ती मेजाखाली किंवा शिक्षकांच्या खोलीतील कपाटाशेजारी ठेवता येण्यात आहे. ती बाहेर कुलूप लावून ठेवायची असेल, तर घडीची घेण्याचे प्रयोजनच उरत नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार देशातील ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. ज्या पुण्याला एकेकाळी सायकलींचे शहर म्हणत, तेथे आज सायकलस्वार शोधावा लागतो. लोकांनी सायकल सोडली ती कंटाळ्याने नव्हे. अंतरे वाढली, घर आणि नोकरी यांच्यामध्ये रेल्वेचे रूळ आले आणि सायकल रुळांपलीकडे नेता येईना. घडीची सायकल हे अंतर ओलांडण्याची एक वाट दाखवते. ती सर्वांना उपयोगी पडेल असे नाही. पावसात ती नकोशी होईल, वयस्कांना तिचे ओझे जड जाईल, काहींना ती आवडणारही नाही. परंतु ज्याला ती हवी आहे, जो तिच्यासाठी स्वतःचे पैसे आणि स्वतःचे पाय खर्च करण्यास तयार आहे आणि जो डब्यात एका पेटीपेक्षा अधिक जागा मागत नाही, त्याला फलाटावर अडवण्यात कोणाचे हित आहे, याचे उत्तर रेल्वे प्रशासनाने द्यायला हवे. तोपर्यंत विरारचा लिपिक रिक्षाच्या रांगेत उभा राहील आणि त्याच्या पुढून सातपट आकाराचे बोचके नियमानुसार मोफत गाडीत चढेल.